कडवंचीचा आराखडा

सन २०१२ च्या दुष्काळात जालना शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले असता, त्याच तालुक्यातील कडवंची गावचे शेतकरी आपल्या द्राक्षबागा राखून होते, ही गोष्ट त्या वेळी पुष्कळांनी पाहिली व पुष्कळांनी लिहिली. परंतु तेथील शेततळ्यांची आणि बांधांची छायाचित्रे घेऊन परतलेल्या पाहुण्यांपैकी त्या कामाचे दप्तर उघडून पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली असावी. कडवंचीचे खरे वैशिष्ट्य बांधांत नाही, कारण बांध तर मराठवाड्यात प्रत्येक दुष्काळी कामावर पडलेच आहेत. ते बांध घालण्यापूर्वी जो काळ गेला, त्या काळात आहे.

सन १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली हे काम उभे राहिले. फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या या कार्यक्रमात पैसा जर्मन सरकारचा, देखरेख नाबार्डची, आणि गावात उतरून काम करण्याची जबाबदारी विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाची व त्याच मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राची, अशी वाटणी होती. मोठ्या कामाला मंजुरी देण्यापूर्वी एक ते दीड वर्ष केवळ तयारीसाठी राखून ठेवलेले असे; तेवढ्या अवधीत गावाने श्रमदान करून, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून, आणि आपली पाणलोट समिती निवडून स्वतःची पात्रता सिद्ध करावयाची, आणि मगच निधी समितीच्या व संस्थेच्या संयुक्त खात्यात जमा व्हावयाचा, असा दंडक होता.

आराखडाही कचेरीत बसून होत नसे. गावचा नकाशा हाती घेऊन गट नंबरागणिक शिवार पायी तुडवावयाचे, ज्याचे शेत त्याला आणि त्याच्या कारभारणीला बांधावर उभे करावयाचे, उतार कोणीकडे आहे, पावसात पाणी कोठून फुटते, कोणता तुकडा नापीक म्हणून सोडून दिला आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐकावयाचे, आणि त्या तुकड्यावर काय करावयाचे ते त्यांच्या संमतीने तेथल्या तेथे लिहून घ्यावयाचे, अशी ती रीत. अठराशेहून अधिक हेक्टरांच्या पाणलोटात हे करणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने एकदा तरी भर उन्हात मोजणीदारामागे फिरून पाहिले असेल त्यालाच कळेल. पण एका बांधावरून दोन भाऊबंदांचे पिढीजात वैर असेल, तर ते अंदाजपत्रकापूर्वीच उघड होते. नंतर उघड झाले, तर काम बंद पडते आणि फाइलीवर ‘स्थानिक विरोध’ असा शेरा पडतो.

या उलट डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचे पाहा. शिवारफेरी आणि ग्रामसभेची मान्यता ही दोन्ही त्याच्याही नियमांत होती, आणि हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. तरीही ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च झाल्यानंतर, भूजल पातळी वाढविण्यात या अभियानाला फारसे यश आले नाही, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांना सन २०२० मध्ये द्यावा लागला. वर्षाच्या आत गाव निवडावयाचे, आराखडा करावयाचा, यंत्र लावावयाचे आणि मार्चअखेर हिशेब मिटवावयाचा, अशा घाईत शिवारफेरी हा एक उपचार होऊन बसतो, आणि स्वयंसेवी संस्थेला बोलावलेच, तर ते ठरलेल्या कामावर माणसे गोळा करण्यासाठी. सरकारी यंत्रणेजवळ जमिनीचे दप्तर आहे, तांत्रिक मंजुरीचा अधिकार आहे, पैसा आहे. नाही तो वेळ, कारण तलाठ्याची आणि कृषी साहाय्यकाची बदली ठरलेलीच असते. संस्था गावात टिकून राहू शकते, एवढ्यासाठीच तिची गरज. तिला ठेकेदार केले की तीही बिल निघताच निघून जाते. नुसता लेटरहेड असलेल्या आणि निविदेपुरत्या जन्मलेल्या संस्था आपल्याकडे थोड्या नाहीत, हेही येथेच सांगून टाकलेले बरे.

खरपुडीचे केंद्र हे सहकार्याचे चांगले उदाहरण आहे, ते याच टिकाऊपणामुळे. खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा आणि कारभार एका स्थानिक संस्थेचा, अशी त्याची घडण असून, दर महिन्याच्या ५ तारखेला तेथे शेतकऱ्यांची चर्चा भरण्याचा प्रघात वर्षानुवर्षे चालत आला आहे. ज्याची पपई वाळली तो ५ तारखेला विचारावयास येतो. त्यासाठी त्याला कोणाच्या टेबलापाशी अर्ज द्यावा लागत नाही.

मात्र कडवंचीचे सारेच प्रश्न सुटले, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. आज त्या परिसरात प्लास्टिक अंथरलेली शेततळी शेकड्यांनी आहेत, आणि विहिरीचे पाणी उपसून ती भरण्याची चाल या जिल्ह्यात सर्वत्र पडली आहे. पावसाचे पाणी जिरविण्याचा आराखडा साऱ्या गावाने मिळून केला. जिरलेले पाणी किती कोणी उपसावे, याचा आराखडा कोणीच केला नाही. त्यासाठी महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये पाणलोटवार समित्यांची तरतूद आहे खरी, परंतु शेजाऱ्याच्या विहिरीवरील मोटार कोणत्या दिवशी बंद राहावी, हे ठरविण्याचे नैतिक बळ केवळ कायद्याच्या कलमातून येत नाही. ते गावात दहा-दहा वर्षे बसलेल्या माणसांच्या शब्दाला असते, आणि त्या शब्दामागे तहसीलदाराचा हुकूम उभा राहिला तरच तो चालतो.

म्हणून जालन्याच्या जिल्हा नियोजन समितीने पुढील वार्षिक योजनेत भोकरदन, जाफराबाद किंवा मंठा यांपैकी कोठल्याही तालुक्यातील एका पाणलोटापुरते तरी असे करून पाहावे : पहिल्या वर्षाचा निधी केवळ आराखड्यासाठी द्यावा, तो अखर्चित म्हणून मार्चमध्ये परत नेऊ नये, आणि संस्थेशी होणारा करार काम संपल्यानंतरच्या पाच वर्षांसाठीही असावा.