गोळीतल्या गव्हाची धास्ती
सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार, असलेल्या अनेकांच्या मनात एक समज घट्ट बसला आहे: अ‍ॅलर्जीची किंवा झोपेची गोळी घेतली की ग्लूटेन पोटात गेलेच, त्यापेक्षा काहीतरी ‘नैसर्गिक’ घेतलेले बरे. यातले पहिले विधान अतिशयोक्त आहे आणि दुसरे घातक. गोळी बांधायला स्टार्च लागतो हे खरे, पण तो बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो. गव्हाचे पीठ किंवा ग्लूटेन मुद्दाम घातलेले, तोंडाने घ्यायचे एकही औषध आपल्या माहितीत नाही, असे अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने डिसेंबर २०१७ च्या मार्गदर्शक मसुद्यात नोंदवले. गव्हाचा स्टार्च वापरलाच, तरी एका मात्रेत ग्लूटेन ०.५ मिलिग्रॅमच्या वर जाणार नाही, असा त्यांचा अंदाज. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन बहुतेक रुग्णांच्या आतड्याला इजा करत नाही असे मानले जाते. एक ग्रॅम कणकेत मात्र ते सुमारे ८० मिलिग्रॅम असते. तेव्हा अ‍ॅलर्जीच्या सेट्रिझिनच्या पाकिटावर भिंग धरणाऱ्याने आपली ज्वारी गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळली जाते का, हे आधी पाहावे.

यावर ‘आपल्याकडच्या स्ट्रिपवर काही लिहिलेलेच नसते’ असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. लिव्होसेट्रिझिनच्या स्ट्रिपवर औषधाचे नाव, ५ मिलिग्रॅम, रंग आणि पुढे ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’ एवढेच सापडते. म्हणजे बाकीचे घटक लागतील तेवढे. कोणते, ते कंपनीलाच ठाऊक. रोजच्या औषधाबाबत कंपनीला स्टार्च कशाचा ते विचारावे, आणि दुकानदाराने ‘औषध तेच आहे हो, कंपनी फक्त वेगळी’ म्हणत दुसरी स्ट्रिप पुढे केली की पुन्हा विचारावे, कारण औषध तेच असले तरी भराव बदलू शकतो. पण ही लपवाछपवी लेबलच्या सक्तीची मागणी करण्याचे कारण आहे, शिंका सोसत बसण्याचे नव्हे. सिरपने पोट फुगले, म्हणजे ग्लूटेनच होते, असेही नाही; त्यात गोडीसाठी घातलेला सॉर्बिटॉलही तेच करतो.

उलट ‘नैसर्गिक’ मालाची कथा पाहा. २०२३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकी तपासणीत झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या मेलाटोनिनच्या २५ गमींपैकी २२ वरचे प्रमाण चुकीचे निघाले, एकीत तर मेलाटोनिनच नव्हते. जे मुख्य घटकच नीट मोजत नाहीत, त्यांच्या ‘ग्लूटेनमुक्त’ शिक्क्यावर भिस्त कशी ठेवायची? डायफेनहायड्रामिनसारख्या जुन्या गुंगीच्या औषधांत वेगळीच गोची आहे: ग्लूटेन नसले तरी वृद्धांना त्यांनी भ्रम होतो, लघवी अडते, पडण्याची भीती वाढते. अ‍ॅलर्जीसाठी फेक्सोफेनाडिनसारखी गुंगी न आणणारी गोळी असताना त्यांची गरज क्वचितच पडते.

शिवाय ज्यासाठी गोळी शोधतो, ते दुखणे सीलिअ‍ॅकचेच असू शकते. कोपर-गुडघ्यांवरच्या, भयंकर खाजणाऱ्या बारीक फोडांवर अ‍ॅलर्जीची गोळी फारसे काही करत नाही. तिथे काटेकोर आहार आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली डॅप्सोन हे औषध लागते. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटून झोप उडत असेल, तर झोपेच्या गोळीआधी रक्तातले फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासायला हवे. आतडे लोह नीट शोषत नसेल, तर ते कमी असण्याची शक्यता बरीच असते.