अपयशानंतरचे उड्डाण : घाईपेक्षा उलगडा महत्त्वाचा

श्रीहरिकोटाहून १२ जानेवारी २०२६ रोजी झेपावलेला 'पीएसएलव्ही-सी ६२' तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस मार्गावरून ढळला आणि 'अन्वेषा' या उपग्रहासह सर्व उपग्रह गमवावे लागले. त्याआधी १८ मे २०२५ रोजी 'सी ६१' ही मोहीमही तिसऱ्या टप्प्यातच फसली होती. तीन दशके 'इस्रो'चा सर्वात भरवशाचा मानला गेलेला प्रक्षेपक सलग दोनदा अपयशी ठरावा, ही बाब गंभीर आहे. अपयश अवकाश कार्यक्रमाला नवे नाही. प्रश्न आहे तो अपयशानंतर पुन्हा उड्डाणाला सिद्ध कसे व्हायचे, हा.

अग्निबाणाचे अवशेष बहुधा समुद्रतळाशी जातात. त्यामुळे चौकशीचा आधार असतो तो उड्डाणादरम्यान जमिनीवर पोहोचलेल्या संदेशांचा. दाब, तापमान, वेग यांच्या नोंदी क्षणाक्षणाने जुळवून बिघाडाचा आरंभ शोधायचा, जमिनीवरील चाचणीत तो पुन्हा घडवून पाहायचा, दुरुस्ती करायची आणि त्याच खेपेचे इतर सुटे भाग तपासायचे, असा हा क्रम असतो.

'जीएसएलव्ही'चा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १५ एप्रिल २०१० रोजी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाला द्रव हायड्रोजन पुरवणारा पंप सुरू होऊन काही क्षणांतच थांबला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला रशियन क्रायोजेनिक टप्पा बसवलेल्या दुसऱ्या यानात आज्ञा वाहून नेणाऱ्या तारांच्या जोडण्या तुटल्या आणि पहिल्या मिनिटातच नियंत्रण सुटले. पंप नेमका का थांबला, याच्या दोन शक्यता चौकशीत पुढे आल्या होत्या : फिरता भाग अडकला असावा किंवा टर्बाइनचे आवरण फुटले असावे. 'इस्रो'ने या शक्यता जाहीर केल्या आणि एकीवरच विसंबून न राहता पंपाच्या रचनेत सुधारणा करून नव्याने चाचण्या घेतल्या. १९ ऑगस्ट २०१३ रोजी दुसऱ्या टप्प्यात इंधनगळती आढळताच उड्डाणाला ७४ मिनिटे उरली असताना उलटगणती थांबवण्यात आली आणि तो संपूर्ण टप्पाच बदलण्यात आला. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजी यश मिळाले. तीन वर्षांचा विलंब सोसला म्हणूनच स्वदेशी क्रायोजेनिक तंत्रज्ञान हाती आले.

बिघाड केवळ यंत्रात नसतो, हा धडा अमेरिकेने मोठी किंमत मोजून घेतला. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यानाबरोबर कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले. इंधनटाकीवरील फोमचा तुकडा पंखावर आदळला, हे तांत्रिक कारण होते. परंतु धोक्याच्या सूचनांकडे दुर्लक्ष करणारी 'नासा'ची कार्यसंस्कृतीही तितकीच दोषी असल्याचे चौकशी मंडळाने नमूद केले. जुलै २००५ मध्ये उड्डाणे सुरू झाली तेव्हा फोम पुन्हा निखळला आणि पुढच्या उड्डाणासाठी जुलै २००६ पर्यंत थांबावे लागले.

त्रयस्थ नजरेचे मोलही असेच. जून २०१५ मध्ये 'स्पेसएक्स'चा 'फाल्कन ९' आकाशात फुटला, तेव्हा कंपनीने आधार देणाऱ्या सदोष दांड्याकडे बोट दाखवले. 'नासा'च्या स्वतंत्र पाहणीने मात्र अवकाशयानाच्या दर्जाचा नसलेला भाग निवडणे, हा रचनेतीलच दोष ठरवला. पुरवठादाराला दोष देणे सोपे असते. आपला निर्णय तपासणे कठीण.

या पार्श्वभूमीवर 'पीएसएलव्ही'कडे पाहायला हवे. 'सी ६१'मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या मोटारीतील दाब घटल्याचे सांगण्यात आले, पण चौकशीचा सविस्तर अहवाल जनतेसमोर न येताच 'सी ६२'चे उड्डाण झाले. दोन्ही बिघाडांचे मूळ एकच, असा निष्कर्ष घाईने काढणे योग्य ठरणार नाही. तथापि दुसऱ्या उड्डाणाची सिद्धता कशाच्या आधारे ठरवली, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला निश्चितच आहे. ज्यांची वर्षानुवर्षांची मेहनत या यानांबरोबर गेली, त्या नवउद्योगांनाही तो आहे.

१९७९ मध्ये 'एसएलव्ही-३' कोसळल्यानंतर वर्षभरात, १८ जुलै १९८० रोजी, यशस्वी उड्डाण करणारी ही संस्था आहे. तिच्या क्षमतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र विश्वास परत मिळवायचा तर पुढील उड्डाणाच्या तारखेआधी मागील अपयशाचे कारण जाहीर व्हायला हवे.