‘ध’चा ‘मा’ आणि तीन चेटकिणी

‘मॅक्बेथ’ शिकवून झाले की वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येते : “बिचारा मॅक्बेथ! चेटकिणी भेटल्या नसत्या तर चांगला माणूस होता.” गाईडमध्ये हेच वाक्य जरा भारदस्त भाषेत असते. तेथे मॅक्बेथ ‘नियतीच्या हातचे बाहुले’ बनतो. मला हे वाक्य मान्य नाही. ते नुसते चुकीचे नव्हे, तर घातक आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. प्राध्यापक मंडळींची क्षमा मागून ते येथे मांडते.

प्रथम चेटकिणी काय म्हणाल्या ते पाहू. ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि पुढे राजा, अशा तीन नावांनी त्या मॅक्बेथला हाक मारतात. ‘डंकनचा खून कर’ असे त्यांच्या तोंडी एका शब्दानेही येत नाही. शेजारीच बँको उभा आहे. तुझे वंशज राजे होतील, असे त्यालाही सांगितले जाते. तो मात्र सावध होतो. काळोखाची माणसे लहानसहान गोष्टी खऱ्या सांगून मोठ्या गोष्टीत घात करतात, असे तो बजावतो. त्याच रात्री खंजीर हाती घेण्याचा विचार दुसऱ्याच्या मनात रुजलेला असतो. पाऊस एकच पडला, पण एका रानात ज्वारी उगवली आणि दुसऱ्यात हराळी माजली. दोष पावसाला द्यायचा की रानाला?

कोणी म्हणेल, त्या काळी लोक चेटूक खरे मानीत. ते खरेच आहे. हे नाटक सुमारे १६०६ सालचे, आणि तेव्हा गादीवर असलेल्या पहिल्या जेम्स राजाने स्वतः चेटूकविद्येवर १५९७ साली ग्रंथ लिहिला होता. पण अशा राजाच्या राज्यात लिहितानाही शेक्सपिअरने खुनाची आज्ञा चेटकिणींच्या तोंडी घातली नाही, हे विसरता कामा नये.

आता मॅक्बेथचा भविष्यावरचा विश्वास तपासू. कॉडॉरची सरदारकी त्याला काहीही न करता मिळाली. दैवाला मला राजा करायचे असेल तर ते माझ्या हालचालीवाचून करील, असा विचार तो स्वतःच करतो. भविष्य अटळ असेल, तर डंकनला मारण्याची गरज नव्हती. ते टाळता येत असेल, तरच बँकोला आणि त्याचा मुलगा फ्लीन्स याला मारण्यात काही अर्थ. मॅक्बेथ दोन्ही करतो! आपल्या बाजूचे भविष्य त्याला वेदवाक्य वाटते आणि दुसऱ्याच्या बाजूचे तो सुऱ्याने खोडू पाहतो. हा माणूस भविष्यावर विश्वास ठेवणारा नव्हे, सोयीचे भविष्य निवडणारा आहे.

मराठी रंगभूमीने हे नाटक फार पूर्वीच आपलेसे केले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी त्यावरून ‘मानाजीराव’ लिहिले, वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ १९५४ साली रंगभूमीवर आले. परंतु मॅक्बेथ ओळखण्यासाठी आपल्याला स्कॉटलंडपर्यंत जाण्याचेही कारण नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांना अठरावे वर्ष पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता; म्हणजे आज माझे आहे त्याहून कमी वय. खुनानंतर पेशवाईची वस्त्रे घेतली ती त्यांचे सख्खे काका रघुनाथराव यांनी.

या खुनाची आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट कोणती? रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. गोष्ट इतकी लोकप्रिय झाली की तिची म्हण बनली. ती खरी की रचलेली हा वाद बाजूला ठेवू. क्षणभर ती खरीच धरू. तरी पुतण्याला धरण्यासाठी गारद्यांना वाड्यात घुसवायचे हे कोणी ठरवले? अक्षर बदलले म्हणून अनर्थ झाला असेल, तर त्या अनर्थातून आलेली वस्त्रे परत का केली नाहीत? एका अक्षरावर सगळे ढकलले की काका मोकळे होतात. तीन चेटकिणींवर ढकलले की मॅक्बेथ मोकळा होतो. ‘ध’चा ‘मा’ ही आपली मराठी चेटकीण आहे!

आणि गंमत अशी की दोन्हीकडे उरलेला दोष बायकोच्या पदरात पडतो. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) वाचताना आनंदीबाईंच्या जागी मला वारंवार लेडी मॅक्बेथ दिसली. या बायका निर्दोष होत्या असे मला म्हणायचे नाही. लेडी मॅक्बेथ नवऱ्याला डिवचते, त्याच्या पुरुषार्थाला हात घालते. पण झोपलेल्या राजात तिला आपला बाप दिसतो आणि तिचा हात थांबतो. वार मॅक्बेथ करतो. बँकोच्या वेळी तर तो तिला काही कळूही देत नाही. नवऱ्याची सही आणि बायकोचा गुन्हा, हा हिशेब आम्हा मुलींना तरी पटणारा नाही.

मॅक्बेथचा अधःपात एका रात्रीत होत नाही, तो पायरीपायरीने होतो. डंकनला मारताना तो स्वतःशी झगडतो. त्याला हवेत खंजीर दिसतो, ‘आमेन’ हा शब्द ओठांतून फुटत नाही. बँकोला मारायला तो मारेकरी नेमतो. तिसऱ्या वेळी मॅक्डफच्या बायकामुलांना मारताना तो विचारही करीत नाही. मनात आले की हाताने करून टाकायचे, असे ठरवतो. विचार आणि कृती यांच्यातले अंतर संपले की राजाचा जुलमी होतो. मग प्रत्येक सरदाराच्या घरी त्याचा पगारी हेर असतो आणि शेवटी बायको मेल्याची बातमीही त्याला हलवत नाही.

पण जुलूम एकट्याने चालत नाही, त्याला गप्प बसणारे लागतात. बँकोला खुनाचा संशय आलेला असतो, तरी तो बोलत नाही; कारण त्याच्याही वंशाचे भविष्य फळायचे असते. येथे मला आपले रामशास्त्री प्रभुणे मोठे वाटतात. त्यांना कोणी राज्याचे भविष्य सांगितले नव्हते. या पापाला देहान्त प्रायश्चित्तच, असे त्यांनी सत्ताधीशाच्या तोंडावर सांगितले आणि ते पुणे सोडून गेले, अशी त्यांची कीर्ती आहे. प्रभात कंपनीने १९४४ साली त्यांच्यावर चित्रपट काढला तो याच बाण्यासाठी. पुढे बारभाईंनी रघुनाथरावांना दूर केले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि रघुनाथराव मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊ करून बसले. त्यातून पेटलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. एका माणसाच्या लोभाची किंमत साऱ्या राज्याने मोजली.

२००३ सालच्या ‘मक़बूल’ या हिंदी चित्रपटात चेटकिणींच्या जागी मुंबईचे दोन पोलीस आहेत. ते पत्रिका मांडून भविष्य सांगतात आणि ते खरे ठरावे म्हणून स्वतः सूत्रेही हलवतात. भविष्य सांगणाऱ्याचाही एक डाव असतो, हे त्यात फार नेमके दाखवले आहे.

कोणी विचारील, सोलापूरच्या विडी कामगार बाईच्या मुलीला या राजेरजवाड्यांचे काय पडले आहे? पडले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दहावीनंतर एका ज्योतिष्याने पत्रिका पाहून ‘हिच्या नशिबी विद्या नाही’ असे सांगितले होते. वस्तीतल्या मावश्यांनी माना डोलावल्या. आईने सुपातल्या तंबाखूवरून नजरही न काढता विचारले, “फी भरायची शेवटची तारीख कवा हाय?” तिने शेक्सपिअर वाचलेला नाही, पण मॅक्बेथला जे कळले नाही ते तिला कळले होते. सांगणारा सांगतो, करायचे काय ते आपण ठरवायचे.

म्हणून म्हणते, ‘नियतीच्या हातचे बाहुले’ हे उत्तर आपण सोडून द्यावे. खून करणाऱ्याला नियती माफ करीत असेल, तर त्याच न्यायाने गरिबाला ती कायमची बांधूनही ठेवील. मॅक्बेथला बाहुले म्हणणाऱ्याला उद्या ‘तुझ्या नशिबात नाही’ असे कोणी म्हटले, तर उलट बोलायला तोंड उरणार नाही. मॅक्बेथला त्याच्या कृत्याचा जाब विचारावा. मगच आपल्या कष्टांचे श्रेयही आपल्याला हक्काने मागता येईल.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला