‘जिहाद’ नावाचे गाणे आणि आमच्या दुखावलेल्या भावना

ऑक्टोबर 2006 मध्ये ईएमआय या कंपनीने भारतातल्या दुकानांतून एक इंग्रजी अल्बम परत मागवला आणि शिल्लक प्रती नष्ट करून टाकल्या. अल्बम अमेरिकेतल्या स्लेयर या बँडचा, नाव ‘ख्राइस्ट इल्युजन’. त्याविरुद्ध मुंबईतल्या कॅथलिक सेक्युलर फोरमने आवाज उठवला होता. मुखपृष्ठावर हात तोडलेला येशू रक्ताच्या डबक्यात उभा आणि भोवती छाटलेली मुंडकी, असे लॅरी कॅरल या चित्रकाराचे चित्र. ख्रिस्ती माणसाला ते पाहून यातना झाल्या तर त्यात नवल नाही, आणि त्याबद्दल बोलण्याचा हक्क त्याचाच आहे. पण त्या तक्रारीत आणखी एक मुद्दा जोडलेला होता. अल्बममधल्या पाचव्या गाण्याचे नाव ‘जिहाद’ आहे, तेव्हा मुसलमानांच्या भावनाही दुखावतील!

आमच्या भावनांची ही काळजी आमच्या वतीने परस्परच वाहिली गेली. तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. आज उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना भाषा शिकवतो. पाठ वाचल्याशिवाय त्याच्यावर प्रश्न काढायचे नाहीत, एवढे बी.एड.ला आम्हाला शिकवले होते. म्हणून हा अल्बम आम्ही पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत, गाण्यांचे शब्द समोर ठेवून, पुन्हा पुन्हा ऐकला. आमचे म्हणणे असे की या गाण्यात खोट आहे आणि ती लहान नाही. पण ज्यांनी ते आमच्या नावाने हटवले, त्यांनीही तीच खोट केली. खुनी माणसाने एक शब्द पळवला. गाणाऱ्याने तो त्याचाच म्हणून लिहून टाकला, आणि मनाई मागणाऱ्याने त्यावर शिक्का मारला.

आधी संगीताबद्दल. आमच्या वाचकांपैकी बरेच जण म्हणतील, त्या धांगडधिंग्याला संगीत काय म्हणायचे! गझल आणि कव्वालीवर पोसलेल्या कानाला थ्रॅश मेटल सोसत नाही, हे खरे. कव्वालीत लय पायरी पायरीने चढते आणि वर पोचल्यावर ऐकणाऱ्याला हाल येतो. थ्रॅशमध्ये माणसाला थेट वरच्या पायरीवर उभे करतात आणि तिथून ढकलतात. ब्रिटिश हेवी मेटलची जड गिटार आणि पंकचा वेग यांच्या मिश्रणातून 1980 नंतरच्या कॅलिफोर्नियात हा प्रकार वाढला. स्लेयर 1981 सालचा बँड. 1986 च्या ‘रेन इन ब्लड’मध्ये त्यांनी दहा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपवली. तिथे एक सूर फुकट गेलेला नाही. ज्याला हा प्रकार काय आहे ते समजून घ्यायचे असेल त्याने तो अल्बम ऐकावा.

‘ख्राइस्ट इल्युजन’ त्या तोडीचा नाही. पण ढोलकऱ्याचे काम मात्र ऐकण्यासारखे आहे. डेव्ह लोंबार्डो 1990 नंतर पहिल्यांदाच या बँडच्या पूर्ण अल्बमवर परतला होता, आणि त्याची दोन्ही पायांनी वाजवलेली जोड-ढोलाची सरबत्ती पहिल्या ‘फ्लेश स्टॉर्म’पासून अंगावर येते. केरी किंगची गाणी आम्हाला एकसुरी वाटली. धर्म म्हणजे फसवणूक, ख्रिस्त म्हणजे खोटेपणा, हेच तो तीन-चार गाण्यांत तेवढ्याच मोठ्याने ओरडून सांगतो. नास्तिकाचा युक्तिवाद असतो, तो ऐकण्यासारखाही असतो; इथे युक्तिवाद नाही, नुसती शिवी आहे. गंमत अशी की ही गाणी ज्याच्या गळ्यातून येतात तो टॉम अराया चिलीत जन्मलेला, स्वतःला कॅथलिक म्हणवणारा माणूस! त्याचे तो आणि त्याचा परवरदिगार पाहून घेतील.

अल्बमचा खरा जीव जेफ हॅनमनने बांधलेल्या दोन चालींत आहे. ही गाणी लागोपाठ आहेत, चौथे आणि पाचवे.

चौथे ‘आइज ऑफ द इन्सेन’. युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मनाची काय अवस्था होते यावरचा एक मासिकातला लेख वाचून अरायाने ते लिहिले. इथे वेग मुद्दाम आवरलेला आहे. गिटार एकाच जागी घिरट्या घालत राहते, झोप न येणाऱ्या माणसाचे विचार घालतात तशा. त्याच्या चित्रफितीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सैनिकाचा डोळा दिसतो आणि लढाई त्या डोळ्याच्या बाहुलीत चालते. या गाण्याला 2007 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. बंदूक चालवणाऱ्यालाही बंदूक आतून खाते, हे या गाण्याने उपदेश न करता सांगितले. ज्याच्यावर बंदूक चालली तो इराकी त्या डोळ्यात नीट दिसत नाही, हे आमच्या ध्यानात आले. तरी गाणे सच्चे आहे.

त्याच्या पाठोपाठ येते ‘जिहाद’. सुरुवातीची गिटार हलकी, चोरपावलांनी चालणारी, ठेका अडखळल्यासारखा. काहीतरी वाईट घडणार आहे हे शब्द येण्याआधीच कळते. मग वेग वाढतो आणि 11 सप्टेंबर 2001 च्या विमानातला अपहरणकर्ता ‘मी’ म्हणून बोलू लागतो. शेवटी गाणे थांबते आणि अराया गायचे सोडून बोलतो. तो मजकूर मोहम्मद अताच्या सामानात सापडलेल्या सूचनापत्रावर बेतलेला आहे. संगीत म्हणून अल्बममधली ही सर्वांत घट्ट रचना, हे आम्ही नाकबूल करणार नाही.

मग तक्रार कसली? खुन्याच्या तोंडून बोलणे हा गुन्हा आहे काय? आम्ही उर्दूचे शिक्षक तसे कोणत्या तोंडाने म्हणणार? सआदत हसन मंटोने ‘सियाह हाशिये’मध्ये 1947 च्या दंगलखोरांना आपापल्या भाषेत बोलू दिले. ‘ठंडा गोश्त’मधला ईशरसिंग स्वतःच्या तोंडाने आपले कृत्य सांगतो. त्या कथेसाठी मंटोवर लाहोरमध्ये अश्लीलतेचा खटला चालला. ज्यांनी तो भरला त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, कथा मात्र वाचली जाते. खुन्याला बोलू देणे ही वाङ्मयाची जुनी, अवघड आणि गरजेची रीत आहे.

पण मंटोने त्या कथेचे नाव ‘सीख’ ठेवले नाही. ‘सियाह हाशिये’तल्या कित्येक तुकड्यांत सुरा कोणत्या धर्माच्या हातात आहे हेसुद्धा तो सांगत नाही. सुरा त्या माणसाचा, पाप त्या माणसाचे. हॅनमनलाही हे समजत होते. 1986 मध्ये त्याने ‘एंजल ऑफ डेथ’ लिहिले, आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांवर अघोरी प्रयोग करणाऱ्या योझेफ मेंगेले या डॉक्टरवर. त्या गाण्यामुळे कोलंबिया कंपनीने ‘रेन इन ब्लड’ बाजारात आणायला नकार दिला होता, बँडवर नाझीप्रेमाचा आरोपही झाला. आरोप चुकीचा होता असे आमचे मत आहे, कारण गाण्याचे नाव एका माणसाचे टोपणनाव आहे. ऐकणाऱ्याला कळते की गोष्ट मेंगेलेची चालली आहे. तोच हॅनमन वीस वर्षांनी अताकडे वळतो तेव्हा शीर्षकात ना माणूस ना त्याचे टोपणनाव. चौदाशे वर्षांच्या एका शब्दाला तो सरळ शीर्षक करून टाकतो. मेंगेले गुन्हेगार असतो तेव्हा मेंगेले गुन्हेगार; अता गुन्हेगार असतो तेव्हा आमचा शब्दकोश गुन्हेगार!

शेजारच्या गाण्याशी ताडून पाहिले तर दुसरी खोटही दिसते. अमेरिकन सैनिकाला रात्री आहेत, घाम आहे, पस्तावा आहे. अपहरणकर्त्याला फक्त श्रद्धा आहे, तीही एकाच सुरात. हॅम्बुर्गमध्ये नगररचना शिकलेला हा माणूस तिथपर्यंत कसा पोचला, हा प्रश्न गाण्याच्या मनातही येत नाही. ईशरसिंगच्या तोंडून सत्य बाहेर पडताना त्याच्या आतले काहीतरी तुटते, म्हणून ती कथा. इथे काहीच तुटत नाही. अताने स्वतःबद्दल जे सांगितले असते तेच गाणे सांगते, फक्त वाजवून सांगते.

आता शब्दाकडे येऊ. आमच्या उर्दू पुस्तकांत स्वातंत्र्यलढ्याला ‘जद्दोजहद-ए-आझादी’ म्हणतात आणि भगतसिंगांपासून मौलाना आझादांपर्यंत सर्वांना ‘मुजाहिदीन-ए-आझादी’. जीम-हे-दाल ही त्याची तीन अक्षरे. त्यांतूनच ‘इज्तिहाद’ येतो, म्हणजे बुद्धीने झटून कायद्याचा अर्थ लावणे. मराठी माणूस ‘जद्दोजहद’ म्हणतो तेव्हा त्याच्याही तोंडी तीच मुळे असतात. सूरह फुर्कान मक्केतली, लढण्याची परवानगी मिळण्याआधीची. तिथे हा शब्द कुराणाच्या आधाराने झटण्यासाठी आला आहे. सूरह लुकमानमध्ये तर हेच क्रियापद मुलाला शिर्कच्या वाटेवर नेण्यासाठी आटापिटा करणाऱ्या आईबापांना लावले आहे. इतका साधा, कष्टकऱ्याचा शब्द आहे हा.

मात्र आमच्याकडच्या काही वक्त्यांची पळवाटही आम्हाला मान्य नाही. जिहाद म्हणजे केवळ नफ्सशी झगडा, तलवारीचा त्याच्याशी संबंधच नाही, असे सांगून ते मोकळे होतात. लहान जिहाद आणि मोठा जिहाद ही जी रिवायत ते पुढे करतात तिची सनद हदीसच्या जाणकारांनी कमजोर ठरवली आहे. फिकहच्या ग्रंथांत या शब्दाखाली युद्धाचे प्रकरण आहे, आणि ते लपवून आम्ही कोणाला फसवणार? तेच प्रकरण उघडून दाखवावे. बायका, मुले, म्हातारे, मठातले साधू यांच्यावर हात टाकायचा नाही, अशी बंधने तिथे लिहिलेली आहेत. 11 सप्टेंबरला जवळपास तीन हजार माणसे मेली, त्यांत मुसलमानही होते. त्या ग्रंथाच्या कोणत्या पानावर अता बसतो? हा प्रश्न चारचौघांत विचारायला धीर लागतो. ‘हमारे जज्बात मजरूह हुए’ म्हणायला लागत नाही.

आणि इथेच आमचे भांडण मनाई मागणाऱ्यांशी आहे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. गाणे अताच्या तोंडचे आहे. ते ऐकून मुसलमानाच्या भावना दुखावतील असे जो म्हणतो, तो मुसलमानाला कोठे बसवतो? अताच्या शेजारी. मेंगेलेवरचे गाणे ऐकून जर्मन डॉक्टरांच्या भावना दुखावतील असे कोणी म्हणाले असते तर डॉक्टरच संतापले असते.

ते साल आठवावे. फेब्रुवारीत डॅनिश व्यंगचित्रांवरून उत्तर प्रदेशातल्या एका मंत्र्याने व्यंगचित्रकाराच्या डोक्यावर 51 कोटींचे इनाम लावले. जुलैत मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. 8 सप्टेंबरला, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तानपाशी स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली, आणि पकडले गेले ते मुसलमानच. त्यांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते एप्रिल 2016 मध्ये. नोव्हेंबरमध्ये सच्चर समितीचा अहवाल सादर झाला. आमची मुले शाळेतून कधी आणि का गळतात हे त्यात लिहिलेले आहे. एवढ्या सगळ्यात आमची दुखापत म्हणून जिची नोंद झाली ती एका इंग्रजी गाण्याने होऊ शकणारी! ते गाणे मालेगावात किती जणांनी ऐकले असेल?

नष्ट केलेल्या प्रतींनी काय साधले तेही पाहू. आज कोणाही मुलाच्या मोबाइलवर हा अल्बम दोन मिनिटांत वाजतो. हॅनमन 2013 मध्ये वारला, बँडने 2019 मध्ये निरोप घेतला आणि 2024 मध्ये पुन्हा मंचावर आला. गाणे जागच्या जागी आहे. जे व्हायला हवे होते ते मात्र 2006 मध्ये राहून गेले. हे शीर्षक चुकले आहे आणि का चुकले आहे, असे एखाद्या मुसलमानाने गाणे ऐकून, संगीताला दाद देऊन, मराठीत किंवा उर्दूत लिहिणे. वस्तूच बाजारातून काढली की परीक्षणाची गरज संपते, आणि ‘जिहाद’चा अर्थ ज्याने शेवटचा मोठ्याने सांगितला त्याचाच राहतो.

कोणी विचारेल, मग हे गाणे तुम्ही वर्गात लावाल काय? नववीत नाही लावणार. नववीला मंटोचा ‘नया कानून’ पुरे. पण बारावी झालेला एखादा माजी विद्यार्थी कानात हेच वाजवत भेटायला आला, तर त्याला खाली बसवून चौथे गाणे आधी ऐकवू, मग पाचवे, आणि विचारू की पहिल्या माणसाला झोप का लागत नाही आणि दुसऱ्याला का लागते.