नवा गेम आवडला नाही, तर पैसे परत मिळतात का?

'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० रोजी आला. प्लेस्टेशन ४वर तो इतका अडखळत होता, की सोनीने आठवडाभरातच तो ऑनलाइन स्टोअरवरून काढला आणि पैसे परत देऊ केले. हा अपवादच. एरवी प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू झाले, की निव्वळ आवडला नाही म्हणून रिफंड मिळत नाही. स्टीमवर १४ दिवसांची मुदत आहे, पण खेळ २ तासांच्या आत हवा. मोठे गेम तेवढ्यात जेमतेम सुरू होतात! डिस्क असेल तर दुकानात देऊन दुसरा गेम घेता येतो, तोही लवकर, कारण भाव पटकन उतरतो. डिजिटल गेममध्ये मात्र ग्राहक फक्त वापराचा परवाना घेतो. तो विकता येत नाही. महागड्या प्लेस्टेशन ५ प्रोसाठीही डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो.