बरकतीचा भाव

आपल्या मोहल्ल्यांत सध्या एक हिशेब फार रंगतो. नोटेच्या क्रमांकात ७८६ असेल तर तीन लाख. नाण्यावर चांदतारा आणि ७८६ असेल तर पाच लाख. वैष्णोदेवीचे नाणे असेल तर दहा लाख. मोबाइलवर असा एक व्हिडिओ येतो, संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांत फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पाकिटांतल्या, पानदानातल्या, कुरआन शरीफच्या जुजदानात बरकत म्हणून जपलेल्या नोटा बाहेर निघतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे बायका माझ्याकडे येतात आणि विचारतात, "आपा, तुम्ही शिकलेल्या आहात, हिचे किती येतील?" मी सांगते, दहाच्या नोटेचे दहा येतील. त्यांना वाईट वाटते. वाटू दे. पण हे उत्तर एकदा सविस्तर द्यायलाच हवे.

आधी साधे गणित करू. नोटेवर अक्षरांपुढे सहा आकडी क्रमांक असतो. म्हणजे एका मालिकेत दहा लाख नोटा. त्यांपैकी ज्यांच्या शेवटी ७८६ येते अशा एक हजार. हा आकडा सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी कुठेही आला तरी चालेल म्हटले, तर ३९९९. ही फक्त एका मालिकेची गोष्ट आहे, आणि अशा मालिका अगणित छापल्या जातात. जी वस्तू दर दहा लाखांत चार हजारांना मिळते, तिला कोण शहाणा तीन लाख देईल? एखादा हौशी माणूस कोऱ्या करकरीत नोटेला दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्त देतो, हे खरे. पण हौसेचे चार पैसे आणि लाखांची लॉटरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वैष्णोदेवीची पाच-दहा रुपयांची नाणी तर २०१२ ची, सरकारने रोजच्या व्यवहारासाठी काढलेली. आपण त्यांनी भाजी घेतली आहे.

लाख रुपये देणारा कोणी नसतो, मग हे व्हिडिओ कशासाठी? कारण धंदा नोट विकत घेण्याचा नाहीच. धंदा आहे 'रजिस्ट्रेशन फी'चा. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या आईने आधी नोंदणीचे पैसे भरले, मग जीएसटीचे, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाच्या प्रमाणपत्राचे. शिलाई मशीनवर कमावलेले पैसे गेले आणि नोट मात्र तिच्याच हातात राहिली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही, त्यासाठी ती कधीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. हे पत्रक किती घरांत पोहोचले? व्हिडिओ मात्र घरोघरी पोहोचला.

आपण या जाळ्यात इतक्या सहज का सापडतो, हा प्रश्न मला जास्त टोचतो. गरिबी हे एक कारण आहेच. पण ७८६ च्या बाबतीत फसवणारा आपल्या श्रद्धेला हात घालतो. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज केली की हा आकडा येतो. तेवढ्यावरून आपण आकड्यालाच बरकत चिकटवली आणि मग बरकतीला भाव लावला. इतिहास काय सांगतो पाहा. अकबराच्या सुरुवातीच्या रुपयांवर कलमा होता, शाहजहानच्या नाण्यांवरही होता. तो नाण्यांवरून काढला औरंगजेबाने. नाणे कुणाच्याही हाती पडते, पायाखाली येते, पवित्र शब्दांची बेअदबी होते, असे त्याचे म्हणणे होते. ज्या बादशहाचे नाव घेतले तरी आज वाद पेटतो, त्याची बाजू मी इथे मांडत नाही. पण ज्यांना तो धर्मनिष्ठ वाटतो त्यांनी एवढे तरी पाहावे, की त्याने पवित्र शब्द बाजारातून मागे घेतले आणि आपण पवित्र आकडा बाजारात बोलीला लावतो आहोत.

कुणी म्हणेल, "आपा, गरिबाची आशा आहे, तुमचे काय जाते?" आशा फुकट असती तर मी गप्प बसले असते. इथे आशेची फी वसूल होते आणि ती भरते शिलाई करणारी बाई, रिक्षा चालवणारा भाऊ. शिवाय या खोट्या नाण्यांच्या गदारोळात घरातली खरी नाणी मातीमोल होतात.

मग खरी किंमत ओळखायची कशी? 'जुने म्हणजे महाग' हे आधी डोक्यातून काढा. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया दीडशे वर्षांहून जुना आहे, पण तेच साल पुढे कित्येक वर्षे नाण्यांवर उमटवले गेले, म्हणून तो सहज मिळतो. पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया कोट्यवधींनी पाडला गेला. त्याची किंमत बहुधा चांदीइतकीच. उलट १९३९ चा रुपया त्याहून एकवीस वर्षांनी नवा, पण दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार. ब्रिटिश काळातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा. म्हणजे काटा, साल आणि थोडी माहिती एवढ्यावर अर्धे उत्तर मिळते. उरलेले अर्धे टांकसाळ, नाण्याची अवस्था आणि घेणाऱ्यांची संख्या ठरवते.

दुर्मीळता कशी जन्मते, याचे एक उदाहरण आपल्याशीच जोडलेले आहे. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या गळ्यातल्या पदकमाळेत एक छोटा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांत नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती. त्यांतली ७ लाखांच्या आसपास बाहेर गेली, बाकीची वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. त्या रुपयाला आज मागणी आहे ती या हकिकतीमुळे. हकिकत ठाऊक नसेल तर तो तुमच्या डब्यातही नुसता एक तोळाच.

आता आपल्या लोकांना एक कडू गोष्ट सांगते. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत निघणाऱ्या कितीतरी नाण्यांवर फारसी मजकूर असतो. पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपयासुद्धा शाह आलम बादशहाच्या नावाचा आहे. एका बाजूला मराठ्यांची टांकसाळ, दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरे! हा इतिहास वाचायची लिपी आपल्याकडे आहे. उर्दू शाळेतल्या पाचवीच्या मुलालाही 'ज़र्ब' हा शब्द वाचता येतो. तो त्याला गुणाकार म्हणून ठाऊक असतो. ज़र्बचा मूळ अर्थ ठोका. नाण्यावर ज़र्बच्या पुढे टांकसाळीचे गाव असते, 'जुलूस'जवळ राज्यारोहणाचे वर्ष आणि सोबत हिजरी साल. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी साल जवळपास हाती येते. म्हणजे १२०० हिजरी हे साधारण १७८६. माझ्या वर्गातली मुले हे दहा मिनिटांत करतात. निकाहाच्या वेळी 'सिक्का-ए-राइज-उल-वक्त' म्हणत मेहर बांधणाऱ्या समाजाला आपल्याच घरातला सिक्का वाचता येऊ नये?

आपण मात्र वाचत नाही. नाणे चिंच किंवा पावडर लावून घासतो आणि त्याची निम्मी किंमत धुऊन टाकतो. नाही तर त्याला कडी लावून माळेत ओवतो, आणि अडचणीत सराफाच्या काट्यावर टाकून आटवायला देतो.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. नाणे घासू नका. विकण्याआधी दोन-तीन जाणत्यांना दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आणि संशोधन संस्था आहे. ती पाहा, मुलांना दाखवा. विकण्यासाठी आधी पैसे मागणारा चोर आहे असे समजा. 'परदेशी गिऱ्हाईक आहे' म्हणणारा तर दुप्पट चोर, कारण शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही. शेतात, पाया खोदताना हंडा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा कायदा तसे सांगतो. लपवले तर नफा दूर, गुन्हा दाखल होईल.

आणि ७८६ ची नोट? ती खर्च करा. मुलाची वही घ्या, घरात दूध आणा, नाही तर कुणा गरजूच्या हातावर ठेवा. बरकत शोधायचीच असेल तर तिथे शोधा.