पूर आला तर भाडेकरूची मदत कुणाच्या खात्यात जाते? महाड-पोलादपूरचा हिशेब

गुगलवर ‘इमर्जन्सी रेंटल असिस्टन्स’ टाकून बघा. ‘भाडेकरू म्हणून अर्ज करा’, ‘घरमालक म्हणून अर्ज करा’ अशी बटणं असलेली पानं समोर येतील. महाड, बिरवाडी, पोलादपूर किंवा कशेडी घाटाच्या पायथ्याला खोली घेऊन राहणाऱ्या कुणालाही वाटेल, चला, काहीतरी सोय आहे. सोय आहे, पण अमेरिकेतली. कोरोनाच्या काळात तिथल्या संसदेने दोन टप्प्यांत मिळून ४६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम यासाठी मंजूर केली. अर्ज भाडेकरू करू शकायचा, मालकही करू शकायचा, आणि पैसे बहुतेक वेळा थेट मालकाला मिळून थकलेलं भाडं वळतं व्हायचं.

आपल्याकडे असं बटणच नाही. कोरोनात महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिल २०२० मध्ये मालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं. ढकलायला, माफ करायला नाही, आणि सरकारने स्वतः काही भरलं नाही. दिल्लीत मुख्यमंत्र्यांनी मार्च २०२० मध्ये ‘गरीब भाडेकरूंचं भाडं सरकार भरेल’ असं पत्रकार परिषदेत सांगितलं होतं. तो शब्द सरकारला बांधील आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने दिला, पण सप्टेंबर २०२१ मध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. योगायोग बघा, त्या निकालाची तारीख २२ जुलै २०२१. त्याच दिवशी सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं होतं, तळियेवर डोंगर कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या.

त्यानंतर ३ ऑगस्ट २०२१ ला राज्याने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात पूरग्रस्त कुटुंबाला १०,००० रुपये सानुग्रह अनुदान होतं, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५०,००० आणि टपरीधारकाला कमाल १०,०००. आता या आकड्यांकडे भाडेकरूच्या नजरेने बघा. दीड लाख घराचे आहेत, म्हणजे मालकाचे. दहा हजार मात्र कपडे आणि भांड्यांसाठी आहेत. ते भिंतींचे नाहीत, भिंतींच्या आत राहणाऱ्यांचे आहेत. खोली भाड्याची असली तरी वाहून गेलेली गादी, मिक्सर, मुलांची दप्तरं तुमचीच होती. म्हणून ही रक्कम त्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला मिळायला हवी, मालकाला नव्हे.

अडचण इथेच सुरू होते. आपत्तीची मदत आपल्याकडे अर्जावर नाही, पंचनाम्यावर चालते. तलाठी, ग्रामसेवक आणि सोबतची मंडळी दारात येतात, नाव विचारतात, फोटो काढतात, यादी तयार होते. ती यादी वर जाते आणि पैसे खाली येतात. आणि यादी बनवताना आधार कशाचा घेतला जातो? घरपट्टीचा उतारा, रेशनकार्ड, मतदारयादी. दुकानदारांच्या मदतीत तर स्थानिक रहिवासी, स्थानिक मतदारयादीत नाव आणि रेशनकार्ड अशा अटीच होत्या. एमआयडीसीत कंत्राटी कामाला आलेला बीडचा मुलगा, हायवेच्या कामावर आलेलं कुटुंब, गाळा भाड्याने घेऊन मोबाईल रिपेअरिंग करणारा कुणी, यांचं रेशनकार्ड गावाकडचं आणि मतदानही गावाकडचं. ‘वन नेशन वन रेशन कार्ड’मुळे धान्य महाडमध्ये मिळतं हे खरं, पण कार्डावरचा पत्ता बदलत नाही.

डेटाबेसवर काम करणाऱ्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. टेबलमध्ये घर ही मुख्य नोंद आहे आणि माणूस तिला चिकटवलेला. पण गंमत म्हणजे भाडेकरूसाठी कॉलमच नाही असंही नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो. बहुतेक उताऱ्यांवर तिथे ‘स्वतः’ एवढंच लिहिलेलं असतं. भाडेकरू लिहून घेतला तर घरपट्टी वाढेल किंवा उद्या तो खोली बळकावेल, ही मालकांची भीती. दोन्ही बाजूंनी ‘कशाला कागद?’ म्हणत वर्षं जातात आणि पाणी ओसरल्यावर दारात उभं राहून ‘मी इथेच राहतो हो’ असं तोंडी सांगावं लागतं.

ही भीती उलट्या दिशेची आहे असं मला वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ वाचा. हा कायदा जिथे लागू आहे तिथे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने ते खोटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद टाळून मालक स्वतःचीच बाजू कमकुवत करतो. मालकाला करारासाठी तयार करायचं तर हे कलम मोबाईलवर उघडून दाखवा, वाद घालण्यापेक्षा बरं.

खर्चही फार नाही. भाडं महिना ३,००० असेल तर ११ महिन्यांचे ३३,००० होतात. मुद्रांक शुल्क त्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवरचं मानीव व्याज धरलं तरी शंभर रुपयांच्या आसपास. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, नगरपालिका हद्दीत १,०००. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर लिव्ह अँड लायसन्सची ई-नोंदणी होते, आधार आणि अंगठ्यावर, ऑफिसात न जाता. अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणारा एजंट वेगळे पैसे घेतो, ते आधी ठरवून घ्या.

करार असला तरी पंचनाम्याच्या दिवशी फोटो लागतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग आताच चालू करून ठेवा आणि कोरड्या दिवसात खोलीचे, सामानाचे चार फोटो काढा. चिखल काढायच्या आधी पुन्हा तेच फोटो. हे फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवले तर त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा नेटवर्क असेपर्यंत ड्राइव्हवर चढवा. पुरात आधी वीज जाते, मग टॉवर.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात टाकले जातात तेव्हा आणखी एक गोंधळ होतो. एका आधारला थेट लाभासाठी एकच बँक जोडलेली असते, शेवटी जोडली ती. सिम घेताना दुकानात कुणी पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे जाऊन पडतात आणि आपण पासबुक भरून आणत बसतो. ‘माय आधार’ पोर्टलवर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसतं.

आता भाड्याचा मूळ प्रश्न. खोली गेली, पुढचे सहा महिने राहायचं कुठे? महाराष्ट्रात याला उत्तर एकदा दिलं गेलंय. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर घर पूर्ण पडलेल्या कुटुंबांना नवं घर होईपर्यंत भाड्याने राहता यावं म्हणून ग्रामीण भागात २४,००० आणि शहरात ३६,००० रुपये जाहीर झाले होते. म्हणजे हे करता येतं. पण तो त्या पुरापुरता निर्णय होता. तळियेतून वाचलेल्यांच्या वाट्याला कंटेनरची घरं आली.

कशेडी घाटाच्या आणि पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांत प्रश्न आणखी वेगळा आहे. इथल्या दरडप्रवण वाड्यांना पावसाच्या तोंडावर तहसीलची नोटीस येते, सुरक्षित ठिकाणी जा. जायचं कुठे, तर शाळा, समाजमंदिर, नाहीतर पाहुण्यांकडे. आपत्ती निधीच्या निकषांत निवारा केंद्राचा खर्च बसतो, भाड्याच्या खोलीचा नाही. आणि पंचनामा करायचा तर अजून काही पडलेलंच नसतं. चार महिने पोलादपुरात खोली घ्यायची म्हटलं तर महिना ३,००० धरून १२,००० रुपये, २०१९ च्या ग्रामीण रकमेच्या निम्मे. जिल्ह्याकडे दरडप्रवण गावांची यादी आहे, रेशनकार्डांचा डेटा आहे, आधारला जोडलेली खाती आहेत. सगळी टेबलं तयार आहेत, त्यांना जोडणारा शासन निर्णय तेवढा नाही. पुढच्या ग्रामसभेत नोटिशीचा विषय निघेल तेव्हा हा १२,००० चा आकडा ठरावात लिहून घ्यायला सांगा.